घासायचा ठोकळा, घासायचा पट्टा आणि आपली छाती

रेशनच्या दुकानात मशीनवर अंगठा ठेवायचा, मशीनने तो नाकारायचा, पुसून पुन्हा ठेवायचा, पुन्हा नाकारायचा. हा अनुभव आपल्या वस्तीत कितीतरी जणांना आहे. बोटांवरच्या रेषा झिजल्या की मशीनला माणूस ओळखू येत नाही. यात विटा-सिमेंट उचलणारे असतात, भांडी घासणाऱ्या भगिनी असतात, आणि सुतारकाम, फर्निचर पॉलिश, भिंतीची पुट्टी किंवा लोखंडी ग्रिलचे काम करणारे बांधवही असतात. ही मंडळी दिवसभर पॉलिश पेपर हातात धरून घासतात. पेपर बोटांच्या टोकांनी दाबला की लाकूड जसे झिजते तशी कातडीही झिजते.

बोटे निदान डोळ्यांना दिसतात. छातीत काय चालले आहे ते दिसत नाही. म्हणून या अंकात आम्ही एका साध्या हत्याराबद्दल लिहीत आहोत. घासायचा ठोकळा आणि घासायचा पट्टा घरच्या घरी, टाकाऊ वस्तूंतून कसा करावा, कोणता पट्टा घरी करू नये, आणि हे करताना धुळीपासून स्वतःला व घरच्यांना कसे वाचवावे, हे क्रमाने सांगतो. हत्यार चांगले असेल तर घासणे कमी लागते, आणि घासणे कमी लागले की धूळही कमी उडते. आरोग्याच्या पानावर हत्याराची माहिती द्यायचे कारण एवढेच.

धूळ कोणती, आणि ती कुठे जाऊन बसते

डोळ्यांना दिसते ती धूळ जाड असते. ती नाकात अडकते, शिंकेवाटे किंवा शेंबडावाटे बाहेर पडते. खरी घातक धूळ दिसत नाही. आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. 4-5 मायक्रॉनपेक्षा बारीक कण थेट फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत जातात. खिडकीतून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत काम संपल्यावरही जे कण तरंगताना दिसतात, त्यांच्याबरोबर न दिसणारे कितीतरी कण हवेत असतात. काम थांबल्यानंतरही ते बराच वेळ खाली बसत नाहीत.

सगळी धूळ सारखी नसते. आपल्या वस्तीतल्या कामांत मुख्यतः चार प्रकार येतात.

लाकडाची धूळ : सागवान, शिसव यांच्या धुळीने अंगाला खाज सुटते, डोळे चुरचुरतात, काहींना दमा जडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवली आहे. वर्षानुवर्षे ही धूळ नाकात गेली तर नाकाच्या आतल्या पोकळ्यांचा कर्करोग होऊ शकतो. एमडीएफची धूळ आणखी बारीक असते आणि त्यात फॉर्मल्डिहाइडचा चिकट पदार्थ असतो. फॉर्मल्डिहाइडही याच पहिल्या गटात आहे.

दगड, वाळू, सिमेंटची धूळ : ग्रॅनाइट आणि वाळू यांत सिलिका असते. किचनच्या ओट्यासाठी हल्ली जो कृत्रिम क्वार्ट्झ बसवतात, त्यात तर 90 टक्क्यांहून जास्त सिलिका असू शकते. ही धूळ फुप्फुसात बसली की तिथे गाठी होतात, फुप्फुस कडक होत जाते. याला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा करणारे औषध नाही. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून अशा कृत्रिम दगडावर बंदीच घातली. आपल्याकडे मध्य प्रदेशातील मंदसौर येथे पाटीवरच्या पेन्सिली कापणारे कामगार आणि गुजरातेतील खंभात येथे अकीक दगड घासणारे कामगार या आजाराने कसे खंगले, ते सरकारी संशोधन संस्थेच्या तपासण्यांतूनच पुढे आले. मुलांच्या हातातली पेन्सिल आणि गळ्यातले मणी, इतक्या साध्या वस्तूंमागे हा आजार आहे.

जुन्या रंगाची धूळ : जुन्या दारा-खिडक्यांच्या तेलरंगात शिसे असायचे. घरगुती रंगात शिसे 90 पीपीएमपेक्षा जास्त नसावे असा नियम आपल्या देशात 2016 साली निघाला आणि 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. म्हणजे त्याआधी रंगवलेले दार घासताना त्या धुळीत शिसे असण्याची शक्यता धरूनच चालले पाहिजे. शिशाचा मोठा फटका रांगणाऱ्या मुलाला आणि पोटातल्या बाळाला बसतो. मुलाची शिकण्याची ताकदच त्याने कमी होते.

धातूची धूळ : स्टील, पितळ, अॅल्युमिनियम घासताना ही उडते. अॅल्युमिनियमची बारीक धूळ साचली आणि तिच्यात ठिणगी पडली तर भडका उडतो.

पेपरच्या पाठीवरचा नंबर वाचायला शिका

पेपरच्या पाठीवर 60, 80, 120, 180, 220, 320, 400 असे नंबर छापलेले असतात. नंबर लहान तेवढे दाणे जाड, नंबर मोठा तेवढे दाणे बारीक. लाकडासाठी साधारण 80 पासून सुरुवात करून 120, 180, 220 असे चढत जायचे. मधला नंबर गाळला तर जाड दाण्यांचे ओरखडे बारीक पेपरने निघत नाहीत आणि दुप्पट वेळ घासत बसावे लागते. दुप्पट घासणे म्हणजे दुप्पट धूळ.

या कागदाला सँडपेपर म्हणत असले तरी आज त्यावर वाळू नसते. तपकिरी पेपरवर बहुधा अॅल्युमिनियम ऑक्साइडचे दाणे असतात. तो लाकूड व धातू दोन्हींना चालतो. काळा वॉटर पेपर सिलिकॉन कार्बाइडचा असतो. तो पाण्यात भिजवून वापरता येतो.

इथे एक इशारा देऊन ठेवतो. पैसे वाचवण्यासाठी कुणी कागदाला सरस लावून त्यावर चाळलेली वाळू किंवा काचेचा चुरा चिकटवू नये. वाळू म्हणजेच सिलिका. असा घरगुती पेपर घासताना आपण स्वतःच आपल्या छातीत सिलिका भरत असतो. पैसे वाचवायचे तर ठोकळ्यात आणि पट्ट्यात वाचवा. दाणे बाजारचेच घ्या.

ठोकळा असा करावा

पेपरचा पूर्ण ताव 9 बाय 11 इंचांचा असतो. त्याचे चार भाग केले की प्रत्येक भाग साडेचार बाय साडेपाच इंचांचा होतो. ठोकळा या चौथाई तुकड्याच्या मापाने करायचा, म्हणजे पेपर वाया जात नाही.

साहित्य : लाकडाचा सरळ तुकडा साडेचार इंच लांब, पावणेतीन इंच रुंद, पाऊण इंच जाड. फर्निचरच्या दुकानामागे असे तुकडे पडलेले असतात. रिक्षा किंवा ट्रकच्या जुन्या ट्यूबचा तुकडा, नाहीतर कॉर्कची शीट. थोडे रबर सोल्युशन.

कृती : आधी ठोकळ्याचा तळ तपासा. काचेवर किंवा सपाट फरशीवर ठेवून बोटाने कोपरे दाबा. डुगडुगत असेल तर फरशीवर 80 नंबरचा पेपर पसरून त्यावर ठोकळा घासा आणि तळ सपाट करा. वरच्या दोन्ही लांब कडा गोल करा, म्हणजे तळहाताला टोचणार नाहीत. तळाच्या कडा किंचितच मोडा. त्या तीक्ष्ण राहिल्या तर पेपर तिथेच फाटतो.

मग तळाच्या मापाचे रबर कापा. रबराला आणि लाकडाला दोन्हीकडे पातळ सोल्युशन लावा, ते हाताला चिकटेनासे होईपर्यंत थांबा आणि नंतर दाबून बसवा. रबर यासाठी की कडक लाकडावर एखादा दाणा किंवा कचरा अडकला तर खोल ओरखडा पडतो. रबर थोडे दबते आणि दाब सारखा पसरतो. लाकडाला रबर फेव्हिकॉलने नीट चिकटत नाही, म्हणून सोल्युशनच वापरा. सोल्युशनचा वास मात्र डोक्यात जातो, आणि बंद खोलीत रोज घेतला तर हातापायांच्या नसांनाही इजा करू शकतो. दारात बसून काम करा, जवळ चूल-विडी नको, आणि डबी लगेच झाकण लावून मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. वस्तीतली काही पोरे हे सोल्युशन हुंगण्याच्या नादी लागतात, हे आपल्याला ठाऊकच आहे.

आता पेपर. चांगली कात्री त्यावर चालवू नका, धार जाते. पेपर घडी घालून, घडीवर पट्टी किंवा जुने हॅकसॉ ब्लेड धरून फाडा. पेपरची साडेपाच इंची बाजू ठोकळ्याच्या रुंदीभोवती गुंडाळा. तळ पावणेतीन इंच, दोन्ही बाजू मिळून दीड इंच, म्हणजे सव्वाचार इंच झाले. उरलेला सव्वा इंच दोन्हीकडून अर्धा-अर्धा वर येतो. तो अंगठा आणि बोटांखाली आपोआप दाबला जातो. पेपर चिकटवायचा नाही. झिजला की सरकवायचा किंवा बदलायचा.

घासताना जोर लावू नका. ठोकळ्याचे वजन आणि हाताचा हलका दाब पुरतो. रेषा असलेल्या लाकडावर रेषांच्या दिशेनेच हात चालवा. पेपर भरला की ठोकळा दुसऱ्या लाकडावर हलकेच आपटून झाडा, किंवा ब्रशने साफ करा. तोंडाने फुंकर मारू नका. फुंकर मारली की धूळ आधी आपल्याच तोंडावर येते. पेपर कापेनासा झाला की बदला. झिजलेल्या पेपरने जोर लावून घासण्यात पैसे वाचत नाहीत. मनगट दुखते, काम लांबते, आणि धूळ खात बसावे लागते.

गोल आणि अरुंद जागांसाठी

खुर्चीचा पाय, पाळण्याची कडी, भिंतीचा गोल कोपरा इथे सपाट ठोकळा चालत नाही. जुन्या हवाई चपलेच्या तळव्याचा हातभर मावेल असा तुकडा कापा आणि त्याभोवती पेपर गुंडाळा. तळवा वाकतो, पण मऊ पडत नाही.

अरुंद खाचांसाठी बांबूची चपटी काडी किंवा आइस्क्रीमची काडी घ्या. तिच्यावर एमरी कापडाची तेवढीच रुंद पट्टी चिकटवा. मोठ्या कारखान्यांत रुंद पट्टे जोडाशी तुटले की टाकून देतात. त्यांचा बराचसा भाग, विशेषतः कडेचा, अजून चांगला असतो. भंगारवाल्याकडे ते मिळतात. ते कापडाचे असल्याने कागदापेक्षा जास्त टिकतात. पाठीकडून सुरीने कापा, किंवा कडेला छोटी चीर देऊन सरळ फाडा. मात्र घरी आणण्याआधी उघड्यावर ओल्या फडक्याने पुसून घ्या. त्यावर आधी काय घासले गेले ते आपल्याला माहीत नसते.

हातपट्टा

मोटरशिवायचा छोटा पट्टा घरी सहज करता येतो. सपाट काठी 25 सेंटिमीटर लांब, 2 सेंटिमीटर रुंद, 1 सेंटिमीटर जाड घ्या. तिची दोन्ही टोके गोल करा. एमरी कापडाची 2 सेंटिमीटर रुंद आणि साडेबावन्न सेंटिमीटर लांब पट्टी कापा. पट्टी नेहमी कापडाच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे ताण्याच्या दिशेने कापायची. आडवी कापली तर ती ताणली जाते आणि ढिली पडते.

पट्टीची दोन्ही टोके एकाच बाजूला तिरकी कापा, म्हणजे जोड तिरका येईल आणि धक्का बसणार नाही. एका टोकावरचे दाणे 1 सेंटिमीटरपर्यंत खरवडून काढा, कापड उघडे होऊ द्या. हे खरवडणे मास्क लावून, कापड ओलसर करून करा. नंतर टोक पूर्ण वाळू द्या. उघड्या कापडावर आणि दुसऱ्या टोकाच्या पाठीवर सोल्युशन लावा, चिकटेनासे झाले की 1 सेंटिमीटर एकावर एक ठेवून दाबा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. पट्टा साडेएक्कावन्न सेंटिमीटरचा होईल.

तो काठीवर चढवा. थोडा ढिला असेल. आता काठीच्या पाठीवर, मधोमध, दोन-अडीच सेंटिमीटर उंचीचा, खाली सपाट आणि वर गोल असा लाकडाचा तुकडा पट्ट्याखाली सारा. पट्टा ताणला जातो आणि तो तुकडाच मूठ होतो. जोड मुठीपाशी, म्हणजे पाठीवर ठेवा. खालची बाजू झिजली की तुकडा काढून पट्टा थोडा पुढे सरकवायचा. एका पट्ट्याचे तीन-चार पट्टे वसूल होतात. ग्रिलच्या गजांमधले, खिडकीच्या चौकटीतले काम याने चांगले होते.

मोटरवरचा पट्टा : इथे घाई नको

काही शेडमध्ये छोट्या बेल्ट मशीनचे पट्टे घरीच जोडतात. त्याआधी एक हिशेब करा. 10 सेंटिमीटर व्यासाच्या पुलीचा घेर 31.4 सेंटिमीटर. मोटर मिनिटाला 1440 फेरे घेत असेल तर पट्टा सेकंदाला साधारण साडेसात मीटर, म्हणजे जवळपास 25 फूट पळतो. या वेगात जोड सुटला तर पट्टा चाबकासारखा बसतो. तोंडाशी बसला तर डोळा जातो.

सोल्युशनचा जोड गरम झाला की सरकतो. झटपट चिकटणारा गोंद वाळल्यावर ठिसूळ होतो आणि पुलीवर वाकताना तडकतो. फेव्हिकॉल ओलाव्याने मऊ पडतो. म्हणून मोटरवरचा पट्टा घरी जोडू नये, असेच आमचे स्पष्ट सांगणे आहे. माप घेऊन या आणि पट्टे जोडून देणाऱ्या दुकानातून गरम प्रेसवर जोडून घ्या. तिथे पाठीला पातळ, मजबूत पट्टी लावून किंवा खास गोंदाने जोड देतात.

माप घेण्याची सोपी रीत अशी. ताण देणारी पुली मधल्या जागी ठेवा, पुल्यांभोवती न ताणणारी दोरी गुंडाळा, जिथे मिळते तिथे खूण करा आणि मोजा. पुल्या दोनच आणि सारख्या असतील तर पडताळाही करता येतो : दोन पुल्यांच्या मध्यांतले अंतर दुप्पट करायचे आणि त्यात एका पुलीचा घेर मिळवायचा. अंतर 40 सेंटिमीटर आणि पुली 10 सेंटिमीटरची असेल तर 80 अधिक 31.4, म्हणजे 111.4 सेंटिमीटर.

पट्टा आणल्यावर पाठीवरचा बाण पाहा. एकावर एक ठेवून दिलेला जोड कौलांसारखा असतो. पाणी वरच्या कौलावरून खालच्या कौलावर उतरते, तशी वस्तू वरच्या पदरावरून खालच्या पदरावर उतरली पाहिजे. उलटा चढवला तर वस्तू पदराच्या कडेला अडकते आणि जोड उचकटतो. टोकाला टोक भिडवून पाठीला पट्टी लावलेला जोड दोन्ही दिशांना चालतो.

नवा पट्टा आधी दोन मिनिटे रिकामा चालवा आणि पट्ट्याच्या रेषेत उभे राहू नका, बाजूला थांबा. ओढणी, पदर, मफलर, लोंबती बाही, मोकळे केस, हातातला धागा, काहीही लोंबते नको. सुती हातमोजे घालून फिरत्या पट्ट्याजवळ जाऊ नका. मोजा ओढला जातो आणि पाठोपाठ हातही. चष्मा लावाच.

ज्या मशीनवर लाकूड घासता त्याच मशीनवर, धूळ साफ न करता, लोखंड घासू नका. ठिणगी भुशात पडून तास-दोन तासांनी आग लागू शकते. अॅल्युमिनियमच्या धुळीबाबत हे आणखी कडकपणे पाळा. भरलेला पट्टा साफ करायला जुन्या क्रेप सोलचा तुकडा चालत्या पट्ट्यावर हलका धरला की दाण्यांतला चिकटा निघून येतो. पावसाळ्यात पट्टे ओलाव्याने वाकडे होतात आणि जोड सुटतात. ते जमिनीवर टाकू नका, जाड गोल खुंटीवर टांगून कोरड्या जागी ठेवा.

धूळ मुळातच उडू नये म्हणून

पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पाणी. जुना रंग, धातू, पॉलिशचा वरचा थर वॉटर पेपरने ओला घासता येतो. बादलीत पाणी आणि थोडे साबण घ्या, पेपर दहा मिनिटे भिजवा, ठोकळ्याला लावा आणि घासा. ओला लगदा वाळण्याआधीच फडक्याने पुसा. वाळला की पुन्हा त्याची धूळ होते. जुन्या तेलरंगाचा लगदा नाल्यात किंवा अंगणात टाकू नका. कागदात गुंडाळून, पिशवीत बांधून कचऱ्यात द्या. विजेवरच्या मशीनजवळ मात्र पाणी नको. कोऱ्या लाकडाला पाण्याने रेषा उठतात, तिथे कोरडेच घासावे लागते.

कोरडे घासायचे असेल तर उघड्यावर घासा. वारा बाजूने येईल असे बसा. वारा समोरून आला तर धूळ तोंडावर येते, आणि पाठीमागून आला तर अंगाला वळसा घालून ती तोंडासमोरच घोटाळते. मुले, गरोदर बाई, दम्याचा रुग्ण जवळ नसावेत. झाडू मारण्याआधी पाणी शिंपडा किंवा ओल्या फडक्याने पुसा. कॉम्प्रेसरच्या हवेने अंगावरची धूळ उडवण्याची खोड अनेक शेडमध्ये आहे. ती सोडा.

दुसरा उपाय मास्क. रुमाल किंवा गमछा बारीक धूळ अडवत नाही. तो फक्त समाधान देतो. एन 95 किंवा एफएफपी 2 लिहिलेला मास्क घ्या. त्यावर आयएस 9473 हा भारतीय मानकाचा क्रमांक आहे का ते पाहा. नाकावरची पट्टी दाबून बसवा. दाढी असेल तर कडेने हवा शिरते. श्वास घेताना जड वाटू लागले किंवा मास्क ओला-मळका झाला की बदला.

तिसरी काळजी घरची. कामाचे कपडे घरात झटकू नका. ते झटकणारी आई किंवा पत्नी ती धूळ स्वतः घेते, आणि तीच धूळ अंथरुणावर बसते. शक्य असेल तर कपडे कामावरच बदला. नाही तर दारातच काढून थेट पाण्यात भिजवा आणि इतर कपड्यांपासून वेगळे धुवा. लेकराला उचलून घेण्याआधी हात, तोंड, केस धुवा. घरबसल्या फ्रेम किंवा खेळणी घासण्याचे काम घेणाऱ्या भगिनींनी स्वयंपाकाच्या जागेत हे काम करू नये. जेवणाच्या ताटात धूळ जाते.

अळशीच्या तेलाने पॉलिश केलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवून मग टाका.

खोकला लागला तर

वस्त्यांतल्या तपासणीत आम्हाला एक गोष्ट सतत दिसते. खोकला, दम, वजन घटणे ही लक्षणे घेऊन माणूस दवाखान्यात जातो, पण आपण काय काम करतो ते सांगत नाही. इटलीतील डॉ. रामाझ्झिनी यांनी 1700 साली कामगारांच्या आजारांवर पुस्तक लिहिले आणि रुग्णाला त्याचा धंदा विचारा, असे डॉक्टरांना बजावले. तीनशे वर्षे झाली. अजूनही गर्दीच्या ओपीडीत हा प्रश्न राहून जातो. म्हणून कुणी विचारायची वाट न पाहता आपणच सांगायचे : मी अमुक वर्षे लाकूड, पुट्टी किंवा दगड घासतो, धुळीत काम करतो. आणि हे केस पेपरवर लिहून द्या, असे नम्रपणे म्हणायचे.

याचे कारण आहे. सिलिकोसिस आणि टीबी दोन्हींत खोकला, दम, एक्स-रेवर डाग दिसतात. सिलिकोसिस असलेल्या माणसाला टीबी लवकर धरतो. म्हणून थुंकीची तपासणी करून घ्या. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. टीबी निघाला तर औषध पूर्ण घ्या. थुंकीत टीबी सापडत नाही, औषध घेऊनही दम जात नाही, आणि धुळीचे काम जुने आहे, असे असेल तर छातीच्या डॉक्टरांना सिलिकोसिसबद्दल स्पष्ट विचारा. एक्स-रे आणि फुंकण्याची तपासणी जपून ठेवा. सिलिकोसिस हा कायद्याने नोंदवायचा, भरपाईस पात्र असा व्यवसायजन्य आजार आहे. ईएसआयचे कार्ड असेल तर तिथेही दावा करता येतो. मात्र कागद नसेल तर हक्क सिद्ध करता येत नाही.

एकाच नाकपुडीत सतत अडकणे, वारंवार रक्त येणे, वास कळेनासा होणे ही लक्षणे लाकूडकाम करणाऱ्याने साधी सर्दी समजू नयेत. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. जुने दार घासलेल्या घरातले मूल सुस्त, चिडचिडे झाले, पोट दुखते म्हणू लागले, तर रक्तातले शिसे तपासता येते का ते मोठ्या रुग्णालयात विचारा.

सर्वांनी मिळून

एकट्याने ठोकळा करायला तासभर लागतो. दहा जण मिळून बसले तर त्याच वेळात दहा ठोकळे होतात आणि सोल्युशनची एकच डबी पुरते. महिन्यातल्या एखाद्या रविवारी, वंदनेनंतर, विहाराच्या अंगणात वस्तीतले सुतार, रंगारी आणि घरकाम घेणाऱ्या भगिनी यांना एकत्र बोलवा. तुकडे, जुनी ट्यूब, चपलेचे तळवे ज्याच्याकडे असतील त्याने आणावेत. नव्याने कामाला लागलेल्या पोरांना ठोकळा करायला शिकवतानाच मास्क कसा बसवायचा आणि पेपर ओला कसा घासायचा तेही शिकवा. ज्याला खोकला आहे त्याच्याबरोबर दुसऱ्या दिवशी कुणीतरी एकाने दवाखान्यात जावे आणि केस पेपरवर त्याचा धंदा लिहिला गेला की नाही, ते पाहूनच परत यावे.